माहेरची पांढरी माती

दिवाळीच्या सुट्टीत बारामतीला उतरलो तेव्हा ऊन नुकतंच वर आलं होतं. दौंडहून येणाऱ्या छोट्या गाडीत अंगावर कोळशाची भुकटी बसली होती. ती झटकत मी कालव्याच्या कडेनं चालू लागलो. तात्या, म्हणजे माझे वडील, हल्ली जळोचीला दुसऱ्याच्या मळ्यावर राहतात. सरळ त्यांच्याकडेच जायचं होतं, पण पाय आपोआप आमच्या जुन्या जागेकडे वळले.

तिथे आता काही नाही. जमीन पांढरी पडली आहे. लांबून पाहिलं तर कुणी चुना सांडला असावा असं वाटतं, पण ते मीठ आहे. त्यावर पाय ठेवला की पापडासारखा आवाज होऊन पापुद्रा मोडतो आणि खालून काळा, गार चिखल वर येतो. कडेला थोडा लव्हाळा उगवला आहे, बाकी गवताची काडी नाही. इथे आमचं घर होतं असं मी कुणाला सांगितलं असतं, तर त्याला दाखवायला माझ्याजवळ एकही खूण नव्हती. गुऱ्हाळाचा वास कुठूनतरी येत होता, आणि त्या गोड वासानं मला उगीचच रडू येईलसं झालं.

आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे लिहायला बसलं की हे कुणाला सांगण्यासारखं आहे का, असं मनात येतं. लोक आपल्या घराविषयी लिहितात तेव्हा ते घर निदान पिढ्यान्पिढ्यांचं असतं. आमचं घर फारच थोडी वर्षं टिकलं. पण माझ्या आईनं आयुष्यात एकच गोष्ट मागितली होती, आणि ती त्या घराशी बांधलेली होती. म्हणून लिहितो.

त्याच्या आधी आम्हांला घर नव्हतंच. मेंढरं होती. दिवाळी झाली की आम्ही घाट उतरून कोकणात जात असू. घोड्यावर मडकी, घोंगड्या, कोंबड्यांची डालगी, आणि त्या सगळ्यात कुठेतरी मी. माझी थोरली बहीण आक्का आईबरोबर चालायची. त्या दिवसांतलं मला फार थोडं आठवतं: ओल्या लोकरीचा वास, कुत्र्याच्या गळ्यातल्या पट्ट्याचे खिळे, आणि वाटेत लागणारी घरं. तांबड्या दगडाची जोती, कारवीच्या कुडाच्या भिंती, आणि गवताचं छप्पर इतकं खाली उतरलेलं की आत जाणारा माणूस आपोआप वाकायचा. ताक मागायला म्हणून आई एखाद्या दारात उभी राहिली, की ताकापेक्षा तिचं लक्ष भिंतीकडे असे. ती भिंतीला तळहात लावून पाही.

"हितली मानसं पावसाला भिऊन घर बांधत्यात," ती आक्काला सांगायची. "आमच्याकडं उन्हाला भिऊन बांधत्यात."

आमच्याकडं म्हणजे तिच्या माहेरी. ते गाव इंदापूरच्या अंगाला, नरसिंहपूरच्या वाटेवर, नदीपासून वर माळावर आहे. तिथली सगळी घरं माळवदाची. जाड भिंती, वर सपाट मातीचं छत, आणि छताच्या मधोमध उजेड आत यायला व धूर बाहेर जायला एक भोक. त्याला साणं म्हणतात. वैशाखात बाहेर पाय भाजत असताना आत शिरलं की डोळ्यांवर कुणी ओलं फडकं ठेवावं तसा अंधार. आई अशा घरात वाढली आणि लग्न होऊन पालात आली. पावसात पालाच्या काठ्या धरून बसताना ती कुरकुरत नसे. फक्त कधीतरी तात्यांना म्हणे, "आवं, माझं कसंबी होऊ द्या. पर पोरीची पाठवणी उंबऱ्यातनं झाली पायजे. पालातनं पोरगी जायाची न्हाय."

तात्या म्हणत, "होईल की."

मेंढरं कशी गेली, हे मला नीट ठाऊक नाही. एका उन्हाळ्यात ती होती आणि पुढच्या उन्हाळ्यात नव्हती, एवढंच. एक शेळी मात्र राहिली होती. कालव्याखालचा जमिनीचा एक तुकडा आम्हांला कसायला मिळाला, आणि त्या तुकड्याच्या कोपऱ्यात घर बांधायचं ठरलं. आक्काची सोयरीकही त्याच सुमारास जुळत आली होती. मुलगा आईच्या माहेराजवळच्याच गावचा.

आईच्या गावाला एक जुनं पांढरीचं टेकाड आहे. पूर्वी कधीतरी तिथे गढी की वस्ती होती म्हणतात. त्या टेकाडाची माती पांढरट, मऊ आणि चिवट असते. माळवदावर ती पसरली की पावसाचं पाणी खाली उतरत नाही. गावातल्या कुणीही ती फुकट न्यावी, पण माहेरवाशिणीला न्यायची असेल तर एक रीत होती. तिनं आधी टेकाडाला हळदीकुंकू वाहायचं आणि पहिली पाटी स्वतःच्या डोक्यावरून गाडीत टाकायची. आई त्या दिवशी नवं लुगडं नेसली होती. पाटी टाकून ती वळली तेव्हा तिच्या कपाळावरून, पापण्यांवरून पांढरी धूळ ओघळत होती आणि ती हसत होती. तिला इतकं हसताना मी त्यापूर्वी पाहिलं नव्हतं.

ती माती छतापुरती आणायची, असं आबांच्या मनात होतं. आबा म्हणजे आईचे वडील. पण आईला भिंतीही त्याच मातीच्या हव्या होत्या. आमच्या तुकड्यावरची काळी माती भिंतीला चालत नाही, वाळली की भेगाळते, हे खरंच. तरी आबा टेकाडापाशी काठी टेकून आईला म्हणाले, "हिरे, पांढरी डोक्यावर घ्यायची. पायात घालायची न्हाय."

"तुमच्या घराच्या भिंती कशाच्या हायती मग?"

"आमचं घर माळावर हाय. तितं पानी वरनं येतं. तुझ्या हितं कालवा हाय, खालनं यायचं. भिंती पांढरीच्या करायच्या तर कर बाई, पर गुडघ्याएवढा दगुड घाल खाली."

"पाव्हणं, तुमीच सांगा हिला," ते तात्यांना म्हणाले.

तात्या हसले. "मी काय सांगू आबा? आमी पालातली मानसं. भिंत म्हंजी काय, ते तिलाच ठावं."

दगड त्या काळ्या रानात कुठला मिळणार! तो माळावरून आणावा लागे. तात्यांनी थोडा आणला. मग पाण्याची पाळी आली, पेरण्या आल्या, आक्काच्या सोयरिकीची बोलणी पुढे सरकली, आणि पाया कसाबसा जमिनीच्या वर डोकावतो न डोकावतो तोच त्यावर पांढरे भेंडे चढू लागले. भेंडे म्हणजे उन्हात वाळवलेल्या मातीच्या मोठाल्या विटा. आबांनीच त्या पाडून गाडीत भरून पाठवल्या होत्या.

ते बांधकाम माझ्या आयुष्यातला सर्वांत आनंदाचा काळ असावा, असं आता वाटतं. गिलाव्याच्या चिखलात शेण आणि भुसकट घालून तो कुजत ठेवला होता. त्याचा आंबूस वास सगळ्या वस्तीभर होता. आक्का आणि मी तो तुडवायचो. आधी घोट्यापर्यंत गार, मग तुडवता तुडवता कोमट. आक्का परकर खोचून एका लयीत पाय टाकी आणि मी मध्येच घसरून पडे. बाभळीच्या तुळया चढल्या, त्यांवर आडव्या फळ्या, फळ्यांवर निंबाचा पाला, पाल्यावर चिखल, आणि सर्वांत वर ती पांढरी माती. आई स्वतः माळवदावर चढून ती धोपटत होती. धप, धप, असा आवाज दुपारभर येत राही.

शेजारच्या मळ्यातली चंद्राकाकू कमरेवर हात ठेवून बघायला येई. तिचं घर उसाच्या पाचटाचं आणि तुराट्यांच्या कुडाचं. दर साली उतरायचं, दर साली नवं शाकारायचं.

"हिराबाई, गढी बांधायला लागली काय गं?"

"गढी कुठली! पोरीपुरता उंबरा करतीय."

"आमचं बाई बरं. पडलं तर अंगावर पाचट पडंल. उठू आन झटकू."

"तुमी झटका. मी निजनार हाय पाय पसरून."

आणि खरोखर ती पहिल्या उन्हाळ्यात पाय पसरून निजली. आमच्यापैकी कुणीच तिला दुपारी निजलेलं पाहिलं नव्हतं. साण्यातून उन्हाचा एक गोल कवडसा खाली पडायचा आणि दुपार कलेल तसा जमिनीवरून सरकत तिच्या पायांवर यायचा. घरात मातीचा, शेणाचा, निंबाच्या वाळलेल्या पाल्याचा वास. आम्ही तिघं बाहेर ओट्यावर हळू बोलत बसायचो, तिला जाग येऊ नये म्हणून.

पुढच्या दोन-तीन वर्षांत शेजारी ऊस लागला. मग पलीकडे लागला. पाटाचं पाणी दिवसरात्र वाहायचं. लोक आनंदात होते, सगळीकडे हिरवं झालं होतं, आणि त्या हिरव्या पट्ट्यात आमचं पांढरं घर लांबून उठून दिसायचं.

मग एका थंडीत भिंतींना लोणा लागला. आधी तळाशी, बोटभर उंचीवर, पिठासारखी एक पांढरी रेघ दिसली. आईला वाटलं गिलावा नीट बसला नाही. तिनं शेणानं सारवलं. चार दिवसांत सारवण पोपड्यासारखं सुटून खाली पडलं आणि मागे पुन्हा ते पीठ. मी ते जिभेला लावून पाहिलं, खारट लागलं. मग शेळीला त्याचा शोध लागला. दावं सुटलं की ती धावत येऊन भिंत चाटत बसायची. चंद्राकाकूच्या शेळ्याही येऊ लागल्या.

"अगं, घरात मीठ लई झालं वाटतं," चंद्राकाकू बांधावरून ओरडली. "आमच्या शेळ्या तुमच्या भिंतीवर जेवून येत्यात!"

आई पहिल्यांदा हसली. दुसऱ्या वेळी हसली नाही. तिनं काठी घेऊन शेळ्या हाकलल्या.

तिच्या सकाळी तेव्हापासून बदलल्या. उठलं की चूल पेटवायच्या आधी ती केरसुणी घेऊन भिंतीचं पीठ झाडायची, सुपात भरून लांब पाण्याच्या चारीवर टाकून यायची. मग शेण, मग सारवण. हाताची बोटं मिठानं चिरली होती. रेघ वर सरकतच राहिली, गुडघ्यापर्यंत, मांडीपर्यंत. खालचे भेंडे आतून भुसभुशीत होऊन पोखरले जात होते आणि वर मात्र ती जड, धोपटून घट्ट केलेली माती तशीच होती. घरातला गारवाही बदलला. आता आत शिरलं की विहिरीत उतरल्यासारखं वाटे. गोधड्या कधी वाळत नसत. आईला हिवताप येऊ लागला. एक दिवसाआड ठरल्या वेळी ती थरथरायची, आणि ताप उतरला की उठून पुन्हा केरसुणी घ्यायची.

"सोड की गं आता," तात्या एकदा म्हणाले.

"लगीन होईस्तवर टिकलं पायजे," ती म्हणाली. "फुडं पडंना का."

आक्काची लांबलेली सोयरीक अखेर पक्की झाली आणि चैत्रात लग्नाची तयारी सुरू झाली. गहू निवडून झाले, जात्यावर हळद दळायची तेवढी राहिली होती. आबा गाडी घेऊन आले, ते आल्या आल्या पाणीसुद्धा न पिता घराच्या मागच्या बाजूला गेले. मागच्या भिंतीनं पोट काढलं होतं. आम्ही रोज पाहत होतो, म्हणून आम्हांला ते नवीन वाटत नव्हतं. आबांनी काठी टेकली तर काठी भिंतीत शिरली. ते पुढे आले आणि ओट्यावर बसले.

"हिरे, माळवद उतरव."

आई शेवया वाळत घालत होती. तिनं वर पाहिलं नाही. "उतरवू. लगीन होऊ द्या."

"लगनाला वऱ्हाड आत बसंल. बाया बसतील, पोरं निजतील. माती वरनं आली तर?"

"यवढी वरसं न्हाय आली."

"यवढी वरसं भिंत हुती."

"आबा," आई उठून उभी राहिली, हाताला पीठ तसंच. "मी तुमच्याकडं कवा काय मागितलं? मेंढरामागं हिंडले, पावसात पोरं काढली, काय बोलले? माजी पोर पालातनं जानार न्हाय. घर मोडून मांडव घातला तर सासरची बायामानसं काय म्हनतील तिला? जलमभर म्हनतील."

आबा तात्यांकडे पाहत होते आणि तात्या जमिनीकडे. आक्का दारात उभी होती. ती काहीतरी बोलेल असं मला वाटलं. पण लग्न ठरलेल्या मुलीनं घराविषयी काय बोलावं? ती आत गेली आणि आपलं गाठोडं बाहेर आणून ओट्यावर ठेवलं. मग पुन्हा आत जाऊन जात्याची वरची तळी उचलून आणली. मग मडकी. आई तिच्याकडे बघत राहिली.

"आक्के, काय करतीस?"

"सामान काढतीया," आक्का म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. "भिताडाखाली जातं गेलं तर हळद कशावर दळायची फुडं?"

आईनं पदर खोचला, कोपऱ्यातलं खोरं घेतलं आणि शिडी चढून माळवदावर गेली. पहिलं खोरं तिनंच मारलं. माहेरची पांढरी माती ढेकळांनी खाली पडू लागली आणि धुळीच्या त्या लोटात आम्हांला ती दिसेनाशी झाली. तात्या धावत वर चढले. "तू उतर, आमी काढतो," असं ते म्हणत होते, पण वरून दोघांच्या खोऱ्यांचा आवाज येत राहिला.

तुळया निघाल्या. भिंती पाडायला फारसे कष्ट पडलेच नाहीत. मागची तर नुसतं लोटल्यावर बसली. पुढची भिंत दाराच्या दोन्ही अंगांना जरा धड होती. तात्या चौकट काढायला निघाले तेव्हा आई मध्ये आली.

"ही ऱ्हाऊ द्या."

"एकटी चौकट ठिवून काय करायचं?"

"ऱ्हाऊ द्या म्हनते ना."

आबांनी तात्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघं मागे सरले. दोन्ही बाजूंना हातभर भिंत आणि मध्ये बाभळीची चौकट, तिचा उंबरा, एवढं तिथे राहिलं. आईनं लग्नाच्या दिवशी पहाटे तो उंबरा सारवला, त्यावर हळदीकुंकवाची बोटं ओढली, चौकटीला आंब्याचं तोरण बांधलं. तोरणाच्या मागे मोकळं रान होतं आणि त्यापलीकडे शेजारचा ऊस.

लग्न मांडवात लागलं. जेवणं उठली. पाठवणीच्या वेळी आईनं आक्काचा हात धरला आणि मांडवातून वळसा घालून तिला चौकटीच्या मागच्या बाजूला, जिथे आमचं चुलीचं घर होतं तिथे, नेऊन उभं केलं. वऱ्हाडातल्या बायकांना आधी कळेना. मग एकीनं दुसरीला कोपर मारलं.

"अगो, घर कुठं हाय पर?"

"उंबरा हाय न्हवं. घर मागनं येतंय."

हसणं पसरलं. आक्काच्या सासऱ्यांनी मागे वळून पाहिलं तशी ते थांबलं. आक्कानं खाली मान घालून उंबऱ्याला हात लावला, कपाळाला लावला आणि उजवा पाय बाहेर टाकला. आई चौकटीच्या आतच उभी राहिली. म्हणजे तिच्या डाव्या-उजव्या हाताला, पाठीला सगळीकडे उघडं रान होतं, तरी ती चौकटीला धरून आत उभी राहिली आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत बाहेर आली नाही.

मग आम्ही चंद्राकाकूनं दिलेल्या पाचटाची खोप घातली. ती उबदार होती, हे सांगायला पाहिजे. चंद्राकाकूनं त्यावरून कधी थट्टा केली नाही. आईचा हिवताप मात्र गेला नाही. आक्का दोनदा गाडी घेऊन न्यायला आली. "तितं माळ हाय, कोरडं हाय, चल," म्हणाली. आई म्हणाली, "जावयाच्या घरात निजून ऱ्हायची व्हय मी?" आणि गेली नाही. मी तेव्हा बारामतीच्या शाळेत शिकत होतो. भाद्रपदात मला बोलावणं आलं. खोपीचं दार इतकं खुजं होतं की तिला शेवटचं बाहेर काढताना तात्यांना आणि आबांना गुडघे टेकावे लागले.

एवढं आठवेपर्यंत ऊन डोक्यावर आलं होतं. मी जळोचीला गेलो, तात्यांजवळ बसलो. त्या जागेवरून आलो, हे त्यांना सांगितलं नाही. भाऊबीजेला इंदापूरला जाणारी मोटार मिळाली आणि संध्याकाळच्या आत आक्काच्या गावी पोहोचलो.

तिचं घर माळवदाचं आहे. भिंतीखाली मांडीइतका उंच दगड. मी नकळत खाली वाकून भिंतीच्या तळाला हात लावला. कोरडी होती. आक्का ओवाळणीचं ताट घेऊन दारात उभी होती, तिनं ते पाहिलं.

"तितं गेला हुतास व्हय?"

"हो."

"काय हाय आता?"

"काही नाही."

तिनं ओवाळलं. पाट सरकवला, भाकरी वाढली, समोर बसली. बाहेर तिची सासू माळवदावर बाजरी वाळत घालत होती, तिच्या पावलांचा आवाज आमच्या डोक्यावरून फिरत होता.

"पुन्यात कुठं ऱ्हातोस?"

"भाड्याची खोली आहे. तिघं जण असतो."

"भिंती कशाच्या हायत?"

मला सांगता येईना. मी त्या खोलीत दोन वर्षं राहिलो होतो आणि भिंती कशाच्या आहेत हे कधी पाहिलं नव्हतं. "चुन्याच्या असाव्यात," मी म्हणालो.

आक्का हसली. मग तिनं हात पुसले.

"तू शिकलास, नोकरी करशील, घर बांधशील. तवा मला बोलाव. आईसारखं करू नगंस. आधी जाग्याव येऊन जमीन बघायची, पानी कुठनं येतंय ते बघायचं, मग माती ठरवायची. मी बघून सांगन."

"बोलावीन," मी म्हणालो.

"म्हंजी मलाबी यायाला एक घर हुईल," ती म्हणाली, आणि भाजी आणायला आत गेली.

जागा कुठली, ते तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.